एक ‘पर्यंत’, दोन इंग्रजी शब्द: बाय आणि टिल

गेल्या उन्हाळ्यात जलवाहिनीच्या कामासाठी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत चोवीस तास पाणी येणार नव्हतं. लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. वर मराठीत, ‘शुक्रवारी रात्री ९ वाजेपर्यंत पाणी बंद राहील.’ खाली इंग्रजीत, ‘वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड बाय नाइन पी.एम. ऑन फ्रायडे.’ मराठी वाचणाऱ्या घरांनी गुरुवारी रात्रीच पिंपं, बादल्या, कळश्या भरून ठेवल्या. चौथ्या मजल्यावर केरळहून नुकतंच आलेलं एक जोडपं राहतं, घरात सहा महिन्यांचं बाळ. त्यांनी फक्त इंग्रजी ओळ वाचली आणि तिचा अर्थ अगदी बरोबर लावला: शुक्रवारी रात्री नऊ वाजले की पाणी गेलेलं असेल, तेव्हा सकाळी उठून भरून ठेवू. शुक्रवारी सकाळी नळ कोरडा.

दोन मजल्यांवरून बादल्या गेल्या आणि त्यांचा दिवस निभावला. पण मी संध्याकाळी नोकरदार माणसांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे ती सूचना माझ्या डोक्यातून जाईना. कारण ही चूक वर्गात मला दर आठवड्याला भेटते. वागळे इस्टेटमध्ये काम करणारा एक विद्यार्थी साहेबांना लिहितो, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ त्याला म्हणायचं असतं, शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, शुक्रवार उजाडेपर्यंत मी अहवाल पाठवतच राहीन.

यात आळस नाही की बेफिकिरी नाही. मराठीत ‘पर्यंत’ हा एकच शब्द दोन कामं करतो. हिंदीतला ‘तक’ तसाच आणि जर्मनमधला ‘बिस’ही तसाच, म्हणून जर्मन माणसं इंग्रजी शिकताना नेमकी याच जागी अडखळतात. इंग्रजीने मात्र ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत. एखादी गोष्ट एका वेळेपर्यंत चालू राहते, तिथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. एखादी गोष्ट त्या वेळेला किंवा त्याआधी कधीतरी एकदा घडून जाते, तिथे ‘बाय’.

नियम एवढाच. पण नियम पाठ करून बोलताना आठवत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी तो सांगतच नाही. त्याऐवजी मराठीकडेच बघायला सांगते, कारण हा फरक मराठीला ठाऊक आहे. फक्त तो ‘पर्यंत’मध्ये नसून पुढच्या क्रियापदात आहे. ‘दुकान सहापर्यंत बंद होईल’ आणि ‘दुकान सहापर्यंत बंद राहील’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात सहाच्या आधी शटर खाली येतं, दुसऱ्यात सहानंतर वर जातं. होणे असेल तर बाय, राहणे असेल तर टिल. ‘द शॉप विल क्लोज बाय सिक्स’, ‘द शॉप विल बी क्लोज्ड टिल सिक्स’. आमच्या फळ्यावर मराठीत ‘राहील’ होतं, तिथे इंग्रजीत ‘टिल’च हवा होता.

होणे-राहणे वाक्यात उघड दिसत नसेल, तर ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून पाहावं. ‘पाचच्या आत फॉर्म द्या’ चालतं, म्हणून बाय. ‘पाचच्या आत माझी वाट बघा’ कानाला खटकतं, म्हणून टिल. मात्र ही कसोटी शब्द निवडण्यापुरतीच. ‘सोमवारच्या आत’ म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण सोमवार धरत नाहीत, रविवारी काम संपायला हवं असं समजतात. ‘बाय मंडे’मध्ये मात्र सोमवार सहसा धरलेला असतो. ‘बाय द थर्टी-फर्स्ट’ म्हणजे एकतीस तारखेला दिलेला अर्जही चालतो.

‘टिल’च्या बाबतीत शेवटचा दिवस धरायचा की नाही, याचा इंग्रजीतही घोळ आहे. ‘ऑन लीव्ह अनटिल मंडे’ वाचून कुणी म्हणतं सोमवारी येणार, कुणी म्हणतं मंगळवारी. म्हणून करारात ‘अप टू अँड इन्क्लुडिंग’ असं सविस्तर लिहितात, आणि अमेरिकेत ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार आत आला. रजेच्या अर्जात ‘बॅक ऑन ट्यूजडे’ लिहावं, प्रश्नच मिटतो.

खरी गंमत भूतकाळात आहे, आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण तिथलंच. ‘मी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी गेली होती.’ ‘मी स्टेशनवर पोचेपर्यंत आई थांबली होती.’ मराठीत पहिला अर्धा भाग अक्षरशः एकच. इंग्रजीत गाडीसाठी ‘बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन’, आईसाठी ‘अनटिल आय रीच्ड द स्टेशन’. गाडी एकदाच सुटली आणि गेली. आई मात्र उभी राहिली, मिनिटामिनिटाने, मी दिसेपर्यंत. वर्गात हे वाक्य झालं की माना आपोआप हलतात. नुसता ‘बाय’ पुढे अख्खं वाक्य घेत नाही, त्याला ‘द टाइम’ची जोड लागते, टिल-अनटिलला लागत नाही, हेही याच जोडीवरून लक्षात राहतं.

आणखी एक खड्डा खास आपला आहे. मराठीत ‘तू येईपर्यंत मी थांबते’ म्हणता येतं, आणि ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते’ असंही म्हणता येतं. अर्थ एकच. दुसऱ्या वाक्यातला ‘नाही’ आपण उचलून इंग्रजीत नेतो, ‘आय विल वेट अनटिल यू डोन्ट कम’, आणि वाक्य उलटंपालटं होतं. तो नकार ‘अनटिल’च्या पोटातच आहे. ‘आय विल वेट अनटिल यू कम’ एवढं पुरे. तिथे ‘विल कम’ही नको.

याउलट नकार मुख्य वाक्यात असेल तर तो बेलाशक ठेवावा. ‘द ऑफिस डझन्ट ओपन अनटिल टेन’ म्हणजे दहाशिवाय ऑफिस उघडत नाही. बंद राहण्याची अवस्था दहापर्यंत टिकते, म्हणून अनटिल.

जागेच्या ‘पर्यंत’बद्दल थोडंसं. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरपासून ठाण्यापर्यंत धावली, ३४ किलोमीटर. इथे ‘टिल ठाणे’ म्हणायचा मोह होतो, आणि आपल्याकडे ते सर्रास बोललं जातं, समजतंही. पण टिल-अनटिल वेळेचे शब्द आहेत. परदेशी माणसाला लिहिताना ‘टू ठाणे’ किंवा ‘अॅज फार अॅज ठाणे’ लिहावं.

टिल बरोबर की अनटिल, हेही नेहमी विचारलं जातं. दोन्ही बरोबर, अर्थ एकच. टिल हे अनटिलचं तुटकं रूप आहे असं पुष्कळांना वाटतं, पण टिल हाच जुना शब्द. त्याच्याआधी ‘पर्यंत’ याच अर्थाचं ‘उंड’ जोडून पुढे अनटिल तयार झाला. टिलमध्ये दोन एल आणि अनटिलमध्ये एक, हे स्पेलिंग मात्र लक्षात ठेवावं लागतं. वाक्याची सुरुवात करायची असेल तर अनटिल जास्त शोभतो.

पुढच्या वेळी पाणी बंद होणार होतं तेव्हा सूचना लिहून द्यायला मला बोलावलं. मी इंग्रजी ओळ अशी लिहिली: ‘प्लीज फिल युअर बकेट्स बाय नाइन पी.एम. ऑन थर्सडे. देअर विल बी नो वॉटर अनटिल नाइन पी.एम. ऑन फ्रायडे.’ चौथ्या मजल्यावरची ती आई बाळाला कडेवर घेऊन फळ्यासमोर उभी राहिली, दोन्ही ओळी वाचल्या, आणि बादल्या भरायला वर गेली.