पार्श्वभूमी : कर्जाची शिकवण धनकोकडून ऋणकोकडे कशी वळली

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पैशाच्या नियोजनाची शिबिरं आता नवी राहिलेली नाहीत. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी, आधी बाजूला काढा, खर्च लिहून ठेवा, थोडी तरी बचत करा आणि कर्जापासून लांब राहा, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. दशांशाबद्दल इथे लिहीत नाही. ते उपदेशात वर्षातून दोनदा तरी कानावर पडतंच. अडतं ते शेवटच्या मुद्द्यावर. ‘कर्ज काढू नका’ हे आज घेणाऱ्याला सांगितलं जातं. जुन्या करारात कर्जाचे जे नियम आहेत, ते मात्र जवळपास सगळे देणाऱ्याला घातलेले आहेत.

जुन्या करारातल्या पुस्तकांमधले निर्गम 22, लेवीय 25 आणि अनुवाद 23 (आकडा अध्यायाचा) हे तीन उतारे शेजारी ठेवून वाचले की हे लगेच दिसतं. अडलेल्या भाऊबंदाला पैसे दिलेस तर व्याज लावू नकोस. त्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, नाहीतर तो रात्री काय पांघरणार? अनुवाद 24 मध्ये तर जात्याचा उल्लेख आहे. जातं किंवा जात्याची वरची तळी तारण म्हणून घ्यायची नाही. वरची तळी उचलून न्यायला सोपी, आणि ती नेली की त्या घरात दुसऱ्या दिवशी भाकरी नाही. त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे, तो मला सगळ्यांत बोलका वाटतो : तारण घ्यायला धनकोने ऋणकोच्या घरात पाऊल टाकायचं नाही. बाहेर उभं राहायचं, आतला माणूस वस्तू आणून देईल. जप्तीला आलेला माणूस कुठवर शिरतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या ओळीचं मोल वेगळं सांगायला नको.

घेणाऱ्याला उद्देशून काहीच नाही असं नाही. उसनं घेऊन न फेडणाऱ्याला स्तोत्र 37 दुर्जन म्हणतं. नीतिसूत्रं जामीन राहणाऱ्याला कळकळीने सावध करतात. पण शिबिरात हमखास फळ्यावर येणारं वचन, म्हणजे ऋणको हा धनकोचा दास होतो (नीतिसूत्रे 22:7), हे जग कसं चालतं याचं वर्णन आहे, आज्ञा नाही. त्याच वचनाचा पहिला अर्धा भाग श्रीमंत गरिबावर सत्ता गाजवतो असं सांगतो. तो अर्धा फळ्यावर क्वचितच येतो.

खरा गुंता ‘व्याज’ या शब्दात आहे. हिब्रूत दोन शब्द आहेत. नेशेख म्हणजे मुळात चावा, आणि तारबीत म्हणजे वाढ. चावा म्हणजे अन्यायाने घेतलेलं जबर व्याज आणि वाढ म्हणजे रास्त व्याज, असा फरक पुढे काहींनी केला. लेवीय 25 मध्ये मात्र दोन्ही शब्द एकाच दमात येतात आणि दोन्हींना मनाई आहे. भाऊबंद नसलेल्या परक्याकडून व्याज घ्यायला अनुवाद 23 मुभा देतो, आणि या एका ओळीवर पुढची दीड हजार वर्षं वाद झाले. त्यात येशूच्या दृष्टान्तातला धनी नोकराला झापतो की पैसे पुरून ठेवण्यापेक्षा सावकाराकडे ठेवायचे होतेस, मला सव्याज मिळाले असते. व्याजाच्या बाजूचे लोक मत्तय 25 काढतात, विरुद्ध बाजूचे लूक 6 मधलं ‘परतफेडीची आशा न धरता उसनं द्या’ काढतात. मराठीत तर शब्दच गमतीचा. संस्कृतातून आलेल्या ‘व्याज’चा जुना अर्थ बहाणा, मिष. व्याजस्तुती शाळेत शिकलेल्यांना तो आठवेल.

दर किती, हेही पाहण्यासारखं आहे. नहेम्या 5 मध्ये, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात, यरुशलेमचे कर्जदार लोक शेतं आणि मुलं गहाण पडल्याची तक्रार करतात, आणि तिथला सुभेदार नहेम्या सरदारांना शेकडा एक परत करायला लावतो. हा दर बहुधा महिन्याचा. म्हणजे आपल्याकडच्या गावभाषेत ‘एक टक्का’, वर्षाला बारा. इसवी सन 325 मध्ये निकियात भरलेल्या चर्चच्या परिषदेने धर्मसेवकांना व्याज घ्यायला बंदी केली, तेव्हा दोन प्रकार नावानिशी सांगितले : तोच शेकडा एक, आणि मुद्दलाची दीडपट परत घेणं. दुसऱ्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वाढीदिढी. पेरणीला मणभर दाणे न्यायचे आणि सुगीला दीड मण घालायचे.

मध्ययुग थोडक्यात सांगतो. 1179 च्या परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारलं. 1462 मध्ये इटलीतल्या पेरुजात एका संघाच्या संन्याशांच्या प्रयत्नातून गरिबांसाठी तारणपेढी निघाली. खर्च भागवण्यापुरतं व्याज ती घेत असे, म्हणून दुसऱ्या संघाचे संन्यासी तिच्यावर तुटून पडले. 1515 मध्ये पोपने पेढीच्या बाजूने निर्णय दिला. 1545 मध्ये जिनीव्हातल्या एका धर्मसुधारकाने पत्रात लिहिलं की सगळंच व्याज पाप नव्हे, मात्र गरिबाकडून ते घेऊ नये. पुढे पत्राचा पहिला भाग जगाने उचलला, दुसरा पत्रातच राहिला. रोमने 1745 मध्ये जुनी बंदी पुन्हा बजावली. 1830 नंतर मात्र, कायदेशीर दराने व्याज घेणाऱ्याला पापनिवेदनाच्या वेळी त्रास देऊ नका, अशी उत्तरं तिथूनच यायला लागली.

आपल्या भागाकडे वळलं की ही चर्चा पुस्तकी राहत नाही. अहमदनगरला अमेरिकन मिशन 1831 मध्ये आलं. त्याच पट्ट्यात 1875 च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांची घरं-दुकानं लुटली गेली, खतं, म्हणजे कर्जाचे कागद, जाळली गेली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलं. शेतकऱ्यांचा रोख धान्यापेक्षा कागदावर होता, हे तेव्हाच्या चौकशीतही नोंदवलं गेलं. मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि खतावरच्या आकड्यामागे मूळ व्यवहार काय होता हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, हाही धनकोलाच घातलेला लगाम. यरुशलेमचा नहेम्या आणि दख्खनचा कायदा एकाच दिशेला बघत होते.

पुढची पायरी सहकाराची. 1864 मध्ये जर्मनीतल्या एका प्रॉटेस्टंट नगराध्यक्षाने, ख्रिस्ती शेजारधर्म म्हणून, गावकऱ्यांची पतसंस्था काढली. तिचा नमुना हिंदुस्थानात 1904 च्या कायद्याने आला. 1909 मध्ये छोटा नागपुरात एका मिशनरीने आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी पतसंस्था सुरू केली, आणि 1918 मध्ये वसईत एका स्थानिक धर्मगुरूच्या पुढाकाराने अशीच संस्था निघाली. केळी आणि विड्याच्या पानांच्या बागायतीला हंगामाआधी पैसा लागतो, आणि तोवर तो सावकाराकडूनच यायचा. वसईची ती संस्था आज शेड्यूल्ड बँक आहे.

या टप्प्यावर जे घडलं त्याची वाच्यता फार होत नाही. चर्चच्या सावलीतली संस्थाच आता धनको झाली. तिचं व्याज सावकारापेक्षा कितीतरी कमी, आणि नफा सभासदांचाच, हे खरं. 1917 च्या रोमन धर्मसंहितेने कायद्याच्या दरातल्या व्याजाला आक्षेप ठेवला नव्हता, त्यामुळे धर्माची अडचणही नव्हती. पण कर्ज द्यायचं तर जामीनदार हवेत, आणि नीतिसूत्रं तर जामीन राहू नका म्हणतात. रविवारी वेदीपाशी ऐकलेलं सोमवारी अर्जावर उलटं व्हायचं. वसुली थकली की संस्था अडचणीत, म्हणून ‘वेळेवर फेडा’ हा उपदेशाचा विषय झाला. बोट घेणाऱ्याकडे वळायला इथे सुरुवात झाली, आणि तीही कुणाच्या वाईट हेतूने नाही, असं माझं मत आहे.

ते पूर्ण वळलं अमेरिकेत. 1976 मध्ये तिथे बायबलवर आधारलेली घरगुती अर्थसल्ला देणारी एक संस्था निघाली, मग तशा आणखी निघाल्या. क्रेडिट कार्डावर जगणाऱ्या मध्यमवर्गासाठी ती शिकवण होती आणि तिथे ती उपयोगीही ठरली : खर्चागणिक पैशाची पाकिटं करा, अंदाजपत्रक लिहा, कार्ड कापून टाका. तिकडे कर्ज बहुतेक वेळा हौसेचं होतं. आपल्याकडे तीच शिकवण आली, तेव्हा समोर बसलेल्यांचं कर्ज दवाखान्याचं, बियाण्याचं, मुलीच्या लग्नाचं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीला गरीब देशांची कर्जं माफ करा अशी मोहीम चर्चनीच उभी केली, लेवीय 25 मधल्या पन्नासाव्या वर्षाच्या मुक्तीचा आधार घेऊन. ती देशांबद्दल होती. गल्लीतल्या सावकाराबद्दल कुणी बोललं नाही.

मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना लोक आजही ‘ऋण’ हाच शब्द उच्चारतात : जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. काही भाषांतरांत तिथे अपराध आला, या मजकुरात ऋण राहिलं.

मी गेल्या वर्षी अशाच एका शिबिराला बसलो होतो. सगळ्यांना एकेक छापील तक्ता दिला : उत्पन्न, दशांश, घरखर्च, हप्ते, हातउसने घेतलेले, बचत. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बचत गटाबाहेर दोन टक्क्यांनी पैसे फिरवतात, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. त्यांनी तक्ता भरून वक्त्याला विचारलं, लोकांकडून येणं आहे ते कुठे लिहायचं? वक्त्याने तक्ता उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, उत्पन्नात धरा.