फॅमिली डॉक्टर

एखाद्या घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या दुखण्याखुपण्याकडे वर्षानुवर्षे पाहणारा, कोणत्याही एका अवयवाचा किंवा रोगाचा तज्ज्ञ नसलेला, आणि आजारी माणूस बहुधा सर्वांत आधी ज्याच्याकडे जातो असा डॉक्टर. या व्यवसायाला जनरल प्रॅक्टिस म्हणतात. कुटुंबवैद्य हा शब्दही मराठीत आहे, पण बोलताना ‘आमचे डॉक्टर’ एवढे पुरते. महाराष्ट्रात एमबीबीएस पदवीधरांबरोबर बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) झालेले डॉक्टरही हे काम मोठ्या संख्येने करतात. वस्त्यांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या दवाखान्यांचा भार पुष्कळसा त्यांच्याच खांद्यावर आहे.

जुन्या दवाखान्याची घडी अनेकांच्या आठवणीत असते. बाहेर बाकडी, आत पडद्यामागे तपासायचे टेबल, खिडकीपाशी कंपाउंडर. रुग्णाने घरून बाटली न्यायची, कंपाउंडर तीत लाल किंवा गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि खाचा पाडलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. मिक्श्चर आणि पुड्या गेल्या, बाकडी आणि नंबर लावणे राहिले.

फॅमिली डॉक्टर औषध देतो हे सगळ्यांना दिसते. त्याचे खरे कसब मात्र त्याआधीच्या पाच-सात मिनिटांत पणाला लागते. फारशी साधने हाताशी नसताना, साधे दुखणे कोणते आणि आज रात्रीच रुग्णालयात धाडावे असे कोणते, हे त्याला ठरवावे लागते. रुग्ण रोगाचे नाव घेऊन येत नाही. ‘कणकण वाटते’, ‘अंगात कसर आहे’, ‘घाबरल्यासारखं होतंय’ असे म्हणत येतो. या ‘घाबरल्यासारखं’मागे छातीतली धडधड असेल, रक्तातली साखर उतरलेली असेल, रक्तक्षय असेल किंवा घरातला ताण असेल. म्हणून ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ हा प्रश्न स्टेथोस्कोपइतकाच कामाचा. घरातल्या बाईने दुखणे अंगावर काढणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नातवाला दाखवायला आलेली आजी निघताना, चपलेत पाय घालता घालता, ‘मलाही हल्ली जिना चढताना दम लागतो’ असे सहज बोलून जाते. ते वाक्य ऐकून तिला परत खुर्चीवर बसवणारा डॉक्टर आपले काम जाणतो.

छातीतील जळजळ हे याचे सर्वांत गंभीर उदाहरण. ‘गॅस झालाय, काहीतरी द्या’ म्हणत आलेल्या पन्नाशीच्या माणसाला दरदरून घाम फुटला असेल, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हातात जात असेल, तर आम्लपित्ताची गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. मधुमेहात तर हृदयविकाराचा झटका फारसे न दुखताही येतो. अशा वेळी ईसीजी काढणे, मनाई करण्याजोगे काही कारण नसेल तर अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावणे, आणि १०८ ची किंवा मिळेल ती रुग्णवाहिका बोलावणे हे डॉक्टरचे कर्तव्य. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे धोका टळला असे नसते. रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून तपासणीला पाठवणे ही घातक चूक आहे.

ताप हा दवाखान्याचा रोजचा पाहुणा, आणि तापात थांबून पाहणे हीसुद्धा चिकित्साच. बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि आपोआप उतरतात. त्यांना प्रतिजैविक द्यायचे कारण नसते. पण ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्या, उद्या कामावर जायचंय’ हा आग्रह दिवसाकाठी कितीदा तरी होतो. पावसाळ्यात हा हट्ट मोडावाच लागतो, कारण ताप पाडण्यासाठी टोचले जाणारे डायक्लोफेनॅक डेंग्यूच्या रुग्णात रक्तस्रावाचा धोका वाढवते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ एवढेच तेव्हा सुरक्षित. शिवाय डेंग्यूत ताप उतरू लागतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, तेव्हाच खरा धोका सुरू होतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच दिवशी पोटात सतत दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, मूल मलूल पडते. म्हणून ‘ताप गेला तरी परवा दाखवायला या, आणि यांतलं काही दिसलं तर लगेच या’ हे सांगणे चिठ्ठीवरच्या औषधाइतकेच मोलाचे. कधी परत यायचे हे न सांगता रुग्णाला धाडणे म्हणजे तपासणी अर्धवट सोडणे होय. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या रोगाची, आठवण ठेवावी लागते.

मधुमेह आणि रक्तदाब यांत काम निराळे. इथे रुग्णाला बरे वाटत असते, आणि बरे वाटते म्हणूनच तो गोळ्या सोडतो. दर भेटीला रक्तदाब, ठरावीक महिन्यांनी साखरेची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड, आणि पायमोजे काढायला लावून तळपायांची पाहणी, हा क्रम डॉक्टरने धरून ठेवायचा असतो. तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला चपलेतला खिळा टोचलेला कळत नाही. दोन मिनिटांची ही पाहणी एखाद्याचा पाय वाचवते, तरी गर्दीच्या दवाखान्यात सर्वांत आधी तीच वगळली जाते.

तज्ज्ञाकडे पाठवणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. चिठ्ठीत काय झाले, कोणती औषधे चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि नेमका प्रश्न कोणता, हे यावे. हृदयाचा डॉक्टर एक गोळी देतो, सांध्यांचा दुसरी, आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडाला बाधतात, हे सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणाऱ्यालाच उमगते. या पाठवणीतूनच ‘कट’ची कीड लागली. रुग्ण पाठवल्याबद्दल लॅबकडून किंवा रुग्णालयाकडून पैसे घेणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार केला होता. कट घेणारा डॉक्टर रुग्णाचा वकील राहत नाही, दलाल होतो. एवढे स्पष्ट म्हटलेच पाहिजे.

त्याच आचारसंहितेप्रमाणे फी दवाखान्यात लावलेली असावी आणि दिलेल्या वैद्यकीय दाखल्यांची नोंदवही ठेवावी. शाळेच्या किंवा नोकरीच्या रजेसाठी खोटा दाखला देणे हा गैरवर्तनाचा प्रकार ठरतो, मग मागणारा कितीही जवळचा असो.

एकाच घरातील सासू, सून आणि मुलगी ज्याच्याकडे येतात त्याला गुप्तता पाळणे सर्वांत अवघड जाते. सुनेने विचारलेली गर्भनिरोधक गोळी सासूच्या कानावर जाता कामा नये. मुलगी सोबत आलेल्यांसमोर गप्प राहते, म्हणून तिच्याशी एकटीने बोलण्याची सोय करावी लागते. गुप्ततेला अपवाद कायद्याने सांगितले आहेत. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

सार्वजनिक आरोग्याचा पहिला पहारेकरीही हाच. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाबरोबर गाठ आलेला रुग्ण पाहून हा प्लेग आहे असे ओळखले ते मूळचे गोव्यातील डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. ते त्या वस्तीत प्रॅक्टिस करत होते, म्हणूनच ती गाठ त्यांच्या नजरेस पडली. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, साथरोग कायदा आला. धोबी तलावाजवळ व्हिएगस यांचा पुतळा आहे. आजची तशीच जबाबदारी क्षयरोगाची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवणे आणि क्षय निघाला की शासनाला कळवणे, ही नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीची आहे. कफ सिरपच्या बाटल्या बदलत महिने काढले तर तोवर घरातल्या मुलांनाही लागण होऊ शकते.

घरी झालेल्या मृत्यूचा दाखला देणे हेही याच डॉक्टरचे कर्तव्य. पहाटे फोन येतो, ‘आबा उठत नाहीत’. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला तत्काळ आणि फी न घेता द्यावा, असे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. घरच्या मृत्यूसाठी त्याचा नमुना ४-अ. तो लिहिण्याआधी डॉक्टरने स्वतः जाऊन नाडी, हृदयाचे ठोके, डोळ्यांच्या बाहुल्या तपासायच्या आणि अंगावर खुणा आहेत का ते पाहायचे. नुसते ‘हृदय बंद पडले’ हे कारण होत नाही. ते कशामुळे बंद पडले हे लिहायचे असते. शंका आली तर दाखला न देता पोलिसांना कळवायचे, दारात तिरडी बांधून तयार असली तरीही. आणि शंका नसेल तर आबांच्या बायकोशेजारी थोडा वेळ बसायचे. ते कोणत्या कलमात नाही, पण घरचे तेच लक्षात ठेवतात.

मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची, म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे आली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पुरळाचा फोटो पाहणे तेव्हापासून अंगवळणी पडले आहे. मात्र पोट दाबून पाहणे फोनवर होत नाही. दुसरीकडे, तरुण डॉक्टर पदव्युत्तर शिक्षणाकडे वळतात आणि शहरांतली मंडळी कान दुखला की थेट कानाच्या तज्ज्ञाकडे जातात. त्यामुळे चाळीस वर्षे चाललेला दवाखाना एक दिवस कुलूपबंद होतो आणि तिथल्या केसपेपरांचे काय, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यांवर लाल शाईने लिहिलेले ‘पेनिसिलिन देऊ नये’ दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते. व्यवसाय थांबवणाऱ्या डॉक्टरने काही महिने आधी दारावर पाटी लावावी, आणि प्रत्येक जुन्या रुग्णाला त्याचे आजार, चालू औषधे आणि न चालणारी औषधे लिहिलेला कागद हातात द्यावा.