सार्वजनिक विधी ग्रंथालय

कायद्याची पुस्तके, न्यायनिवाडे आणि ते शोधण्याची साधने कोणाही नागरिकाला वापरू देणारे ग्रंथालय. न्यायालयांची ग्रंथालये बहुधा न्यायाधीश-वकिलांपुरती असतात. इथे वकिलीची सनद विचारली जात नाही. ही संस्था विशेष रुजली ती अमेरिकेत. फिलाडेल्फियाच्या वकिलांनी १८०२ साली काढलेले ग्रंथालय तिथले सर्वांत जुने मानतात, पण ते सभासदांसाठी होते. कॅलिफोर्नियात १८९१ च्या कायद्याने काउंटीवार (म्हणजे जिल्हावार) ग्रंथालयांचा पाया घातला गेला. त्यांचा मुख्य आधार म्हणजे दिवाणी दावे दाखल करताना भरल्या जाणाऱ्या शुल्कातला वाटा. त्यामुळे दावे कमी झाले की पुस्तकांच्या खरेदीला कात्री लागते.

अधिनियम, नियम, निवाडे, त्यांवरची भाष्ये आणि अर्जांचे नमुने असा साधारण संग्रह असतो. मात्र कायद्याचे पुस्तक छापून होते तोवर शिळे होऊ लागते. म्हणून जाड खंडांच्या मागच्या पुठ्ठ्याला खिसा ठेवून त्यात दुरुस्त्यांची पुरवणी सरकवण्याची पद्धत पडली. खंड पाहिला आणि खिसा पाहायचा राहिला, ही नवख्याची नेहमीची चूक. निवाड्यांचे दुखणे आणखी अवघड, कारण वरिष्ठ न्यायालयाने फिरवलेला निवाडा मूळ खंडात जसाच्या तसा दिसत राहतो. त्यावर उपाय म्हणून फ्रँक शेपर्ड या अमेरिकी प्रकाशकाने १८७३ पासून डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. एखाद्या निवाड्याचा पुढे कुठे उल्लेख झाला हे त्यांवर छापलेले असे आणि वकील त्या समासात चिकटवत. आता हे काम वेस्टलॉ आणि लेक्सिस ही कायद्याची ऑनलाइन शोधसाधने करतात. त्यांची वर्गणी एकट्या माणसाला परवडत नाही. ग्रंथालयातल्या संगणकावर मात्र ती बहुधा मोफत वापरता येतात.

स्वतःच आपली बाजू मांडणाऱ्या पक्षकारासाठी या जागेचे मोल वेगळे आहे. अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो (१९६३ चा गिडियन निवाडा). घर खाली करण्याची नोटीस, घटस्फोट, मुलांचा ताबा अशा दिवाणी बाबींत तशी सर्वसाधारण हमी नाही. असा माणूस हातात नोटीस घेऊन येतो. ग्रंथपाल त्याला उत्तर दाखल करण्याचा नमुना काढून देतो, मुदतीचे कलम कुठे आहे ते दाखवतो, काही ठिकाणी वकिलांच्या मोफत सल्ल्याची वेळही सांगतो. पण ‘मी यातला कोणता बचाव घेऊ?’ या प्रश्नाला त्याने उत्तर देणे म्हणजे विनापरवाना वकिली ठरते. माहिती आणि सल्ला यांतली ही रेघ कागदावर सरळ दिसते. समोर घाबरलेला माणूस बसलेला असताना ती पाळणे कठीण.

तुरुंगातील ग्रंथालयांचा प्रश्न निराळा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या बाउंड्स विरुद्ध स्मिथ (१९७७) या निवाड्याने कैद्यांना पुरेसे विधी ग्रंथालय किंवा कायदा जाणणाऱ्यांचे साहाय्य देणे बंधनकारक केले. १९९६ मध्ये लुईस विरुद्ध केसी या निवाड्याने त्याची व्याप्ती आवळली.

संशोधकाची गरज पक्षकाराच्या नेमकी उलट असते. पक्षकाराला आज लागू असलेला कायदा हवा, तर संशोधकाला रद्द झालेला. एखाद्या जुन्या व्यवहाराच्या दिवशी कलमाचे शब्द काय होते, विधिमंडळाच्या समितीने त्यात कोणता बदल सुचवला होता, हे तो शोधत असतो. इतरत्र रद्दीत गेलेल्या आवृत्त्या आणि खिशातून काढलेल्या जुन्या पुरवण्या काही ग्रंथालये त्याच्यासाठीच जपून ठेवतात.