दहा आठळ्यांची हकलबेरी

जुलै लागला की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या फोटोंत निळी-जांभळी बोटं दिसू लागतात. शेतावर जाऊन तोडलेल्या ब्लूबेरींबद्दल शंका नाही. घोटाळा होतो तो तिथल्याच पाइन बॅरन्सच्या जंगलात. रेताड, आम्ल मातीत पाइनखाली झुडपं दाटलेली असतात आणि त्यांवरचं प्रत्येक गडद फळ ‘जंगली ब्लूबेरी’ म्हणून खपून जातं. त्यातली बरीच झुडपं हकलबेरीची असतात. कूळ एकच, पण प्रजाती निराळ्या: ब्लूबेरी व्हॅक्सिनियम, तर हकलबेरी गेलुसॅशिया. (हो, वायूंच्या नियमात शाळेत भेटलेला गे-ल्युसॅक तो हाच.)

‘निळी ती ब्लूबेरी, काळी ती हकलबेरी’ ही खूण सर्रास सांगितली जाते. तिच्यावर विसंबू नका. ब्लूबेरीच्या सालीतलं रंगद्रव्य मुळात निळं नसतं, गडद लाल असतं. वरच्या मेणाच्या थरातल्या सूक्ष्म रचना निळा प्रकाश विखुरतात, हे २०२४ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. बोटाने मेण पुसलं की फळ काळपट दिसतं. असं मेण नसलेल्या काळ्या ब्लूबेरी आहेत, आणि मेण असलेली निळसर हकलबेरीही आहे. तिला डँगलबेरी म्हणतात.

खरी ओळख पोटात असते. फळ आडवं कापा. हकलबेरीच्या फुलातल्या अंडाशयात दहा कप्पे असतात आणि दर कप्प्यात एकच बीजांड (पुढे ज्याची बी होते ते). फळ धरलं की प्रत्येक कप्प्याची आतली भिंत टणक होत जाते. आंब्याच्या कोयीचं कवच बनतं तेही फळाच्या आतल्या भिंतीपासूनच. परिणामी पिकलेल्या हकलबेरीत दहा चिमुकल्या आठळ्या, प्रत्येकीत एक बी. खाताना त्या भातातल्या खड्यासारख्या दाताखाली येतात. ब्लूबेरीचे मूळ कप्पे पाच, पण एकेका कप्प्यात बीजांडं अनेक. आतली भिंत मऊच राहते, बिया बारीक, खाताना जाणवतही नाहीत.

इथे एक गोम आहे. शेतातली ब्लूबेरी ज्या सायनोकॉकस गटातली, त्या गटात प्रत्येक कप्प्यात एक खोटा पडदा तयार होतो आणि पाचाचे दहा कप्पे दिसतात. तेव्हा नुसते कप्पे मोजून निकाल देऊ नका, एका कप्प्यात बिया किती ते बघा. काटेकोर बोलायचं तर ब्लूबेरी हे मृदुफळ आणि हकलबेरी अश्मगर्भी, म्हणजे आत टणक आठळी असलेलं फळ.

फळं नसतील तर पान उलटून भिंगाखाली धरा. राळेचे पिवळे चकचकीत ठिपके दिसले तर हकलबेरी.

ही कसोटी पश्चिमेकडे नेली की गंमत होते. आयडाहो राज्याने २००० साली हकलबेरीला राज्यफळ केलं, पण डोंगरातली ती हकलबेरी व्हॅक्सिनियमच आहे. आठळ्या नाहीत, बिया बारीक. शेतातल्या ब्लूबेरीसारखे घोस मात्र तिला लागत नाहीत, पानाच्या बेचक्यात एकेकटं फळ धरतं.

यांची युरोपातली बहीण बिलबेरी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक तिचा जॅम खाऊन रात्री लख्ख बघायचे, ही कथा सांगून आजही गोळ्या विकल्या जातात. रीतसर चाचण्या घेतल्या तेव्हा रात्रीची नजर सुधारल्याचं दिसलं नाही. ‘सुपरफूड’ हा शब्दही शास्त्राचा नाही, दुकानाचा आहे.

जंगलात खायला हात घालण्याआधी आणखी एक बघा. ब्लूबेरी-हकलबेरीच्या टोकाला, देठाच्या विरुद्ध बाजूला, पाच निदलांचा (फुलाच्या पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांचा) छोटा मुकुट असतो. अंडाशय निदलपुंजाच्या खाली असतो, म्हणून फुलाचे अवशेष फळाच्या माथ्यावर उरतात, पेरूतही तसंच. विषारी पोकवीडची जांभळी-काळी फळं त्याच भागात पिकतात, पण त्यांचा निदलपुंज वांग्यासारखा देठापाशी असतो. मात्र मुकुट दिसला म्हणजे फळ खाण्याजोगं, असं उलटं गणित मांडू नका. बाकीच्या खुणा जुळल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही.