डीएनएची रचना आणि सिकल सेल

डीएनए हा सजीवांची आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू. त्याचा प्रत्येक घटक, म्हणजे न्यूक्लिओटाइड, डीऑक्सिरायबोज शर्करा, फॉस्फेट आणि एक नत्रयुक्त आधारक यांचा बनलेला असतो. आधारक चार : अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. न्यूक्लिओटाइडांचे दोन धागे विरुद्ध दिशांनी धावत एकमेकांभोवती पिळलेले असतात. एका पिळात समोरासमोरच्या आधारकांच्या सुमारे १० जोड्या बसतात व त्याची लांबी ३.४ नॅनोमीटर भरते. वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना १९५३ मध्ये मांडली. तिला रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रणाचा भक्कम आधार होता.

अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन, हा जोडीचा नियम सर्वांत महत्त्वाचा. त्यामुळे एक धागा माहीत असला की दुसरा लिहिता येतो, आणि पेशी विभाजनाआधी डीएनएची प्रत काढते तीही याच नियमाने. आधारकांचा क्रम आरएनए या डीएनएसारख्याच रेणूवर उतरतो. तिथली तीन-तीन अक्षरे (आधारक) प्रथिने घडवणाऱ्या एकेका अमिनो आम्लाची निवड करतात.

हे सारे एकाच उदाहरणात पाहायचे तर खानदेशातल्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत, सिकल सेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशींत ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीचे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. त्यात जीएजी (ग्वानीन-अ‍ॅडेनीन-ग्वानीन) या त्रिकाचे जीटीजी होते, अ‍ॅडेनीनच्या जागी थायमीन येते. (समोरच्या धाग्यावर थायमीनचे अ‍ॅडेनीन होते.) परिणामी साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे अमिनो आम्ल बसते. व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू पाहते. ऑक्सिजन सुटला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. लवकर फुटतात, म्हणून रक्तक्षय आणि कावीळ होते.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. बदललेली एकच प्रत असलेला माणूस वाहक, दोन्ही बदललेल्या असलेला रुग्ण. वाहक सहसा निरोगी असतो आणि तीव्र मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत हा बदल टिकून राहिला तो यामुळे. असे हिमोग्लोबिन रक्तात आहे का एवढेच सांगणाऱ्या विद्राव्यता चाचणीने वाहक व रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटतील, असे मुळीच नाही.