दोन्ही ईशापूरच्याच, पण एकच थ्री-नॉट-थ्री

ओहायोतल्या एका गन शोमध्ये घडीच्या टेबलावर दोन रायफली शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींचं नाक सारखंच बोथट, दोन्हींचं लाकूड नळीच्या टोकापर्यंत गेलेलं, दोन्हींना तोच पितळी-लोखंडी म्हातारा वास. चिठ्ठ्यांवर मजकूरही एकच : ‘पहिल्या महायुद्धातली .३०३’. एकीच्या बाबतीत तो निम्मा खरा होता, दुसरीच्या बाबतीत साफ खोटा. मी दुसरी उचलली. ती स्वस्त होती.

घोळ लक्षात आणून दिला तो मामाने. पोलीस मुख्यालयातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माझा मामा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला होता. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने इथे बंदूक हाताळणं कायद्यात बसत नाही, म्हणून बिचारा हात पाठीमागे बांधून, देवळात मूर्ती बघावी तसा वाकून बघत होता. मिनिटभराने म्हणाला, “अरे, हिचं मॅगझिन असं डब्यासारखं काय? आमचं असं नव्हतं.” मी म्हटलं, “मामा, जुनी आहे ना, वेगळं असेल.” तो म्हणाला, “जुनी कसली? आमच्यापेक्षा नवी दिसते ही.”

मामाचंच खरं होतं.

टेबलावरची पहिली रायफल होती एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. आपल्याकडे जिला सरसकट थ्री-नॉट-थ्री म्हणतात ती. ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली, बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा, हाताने मागेपुढे ओढायचा दांडा) आणि मॅगझिनची मूळ कल्पना त्याची. ‘एनफील्ड’ म्हणजे लंडनजवळचा सरकारी कारखाना. मार्क ३ आली १९०७ मध्ये. पहिल्या महायुद्धात लाखांनी रायफली लागायला लागल्या तेव्हा तिच्यातले वेळखाऊ भाग काढून टाकले, आणि त्या काटकसरीची खूण म्हणून नावाला ‘स्टार’ जोडला. बंगालमध्ये कोलकात्याजवळ ईशापूरला १९०४ मध्ये रायफल कारखाना निघाला होता. तिथे हीच रायफल दुसऱ्या महायुद्धातही बनत राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही. म्हणून ‘निम्मा खरा’ म्हटलं : डिझाइन पहिल्या महायुद्धाचं, ती विशिष्ट रायफल १९४२ची.

मी घेतलेली होती ईशापूर २ए१. १९६२च्या चीन युद्धानंतर हाती रायफली कमी आहेत हे उघडं पडलं, आणि सैन्य तर ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाकडे वळत होतं. नव्या अर्धस्वयंचलित रायफली पुरेशा बनेपर्यंत काय करायचं? ईशापूरने जुन्या, हातात बसलेल्या आराखड्यातच नवं काडतूस बसवलं. आधी २ए आली, मग थोड्या फरकाने २ए१. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या बनत होत्या. सैन्यासाठी मुद्दाम आखलेल्या शेवटच्या साध्या बोल्ट रायफलींत तिची गणना होते. मला ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या खोट्या चिठ्ठीपेक्षा जास्त आवडते, पण विकणाऱ्यांना तसं वाटत नाही.

इथे एक गैरसमज इतका मुरलाय की तो आधी काढतो. २ए१ म्हणजे जुन्या .३०३ला नवी नळी लावून केलेला जुगाड नव्हे. जुन्या मार्क ३ स्टारवर तसे प्रयोग झाले आणि जुन्या पोलादाला नव्या काडतुसाचा दाब झेपला नाही. म्हणून २ए आणि २ए१ नव्याने, जास्त मजबूत पोलादात घडवल्या. दिसायला जुळ्या असल्या तरी मधे जवळपास दोन पिढ्यांचं अंतर आहे. उलट बाजूने, कुणी घरगुती कारागीर जुन्या मार्क ३ स्टारला ७.६२ची नळी बसवून ‘हीपण तीच’ म्हणत असेल, तर टेबल सोडून पुढे चला.

ओळखायची कशी? मामाने धरलेली खूण सगळ्यात सोपी. .३०३चं काडतूस बुडाशी कडेवालं असतं. अशी काडतुसं एकावर एक रचली की रास वाकडी होते, म्हणून मॅगझिनचं बूड तिरकं. ७.६२ला तशी बाहेर आलेली कड नाही, रास सरळ बसते, म्हणून २ए१चं मॅगझिन चौकोनी, डब्यासारखं. जुन्यात १० गोळ्या, नव्यात १२. पण मॅगझिन बदलता येतं, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. दस्ता जिथे धातूला मिळतो तिथल्या लोखंडी गळ्याची उजवी बाजू उजेडात धरा. मुकुट, ‘जीआरआय’ (सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), ‘ईशापूर’ आणि साल दिसलं तर राजाच्या काळातली. अशोकाचे सिंह आणि ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी ईशापूर) दिसलं तर स्वतंत्र भारतातली. खाली ‘२ए१’ आणि १९६०-७० मधलं साल असेल तर शंका मिटली. सिंह असून मार्क ३ स्टार असूच शकते, हे विसरू नका. १९५०च्या आसपासच्या कितीतरी आहेत. मग मागची साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, बघा. जुनीवर अंतराचे आकडे २००० पर्यंत जातात, २ए१वर ८०० ला थांबतात. मधल्या २एवर मात्र अजून २०००च आहे. दोन हजारांवर एकट्याने नेम धरून कोण काय मारणार होतं, देव जाणे. तो जमाना अख्ख्या तुकडीने एकदम गोळ्यांचा पाऊस पाडायचा होता.

काही गोष्टींवरून फरक कळतच नाही. १९०७ पॅटर्नची ती लांबलचक संगीन दोन्हींच्या नाकावर बसते. लाकडातून आडवा आरपार गेलेला स्क्रूही दोन्हींत दिसतो. नवखा माणूस त्याला दुरुस्तीचा डाग समजतो, पण ती भारतीय शस्त्रागारांनी लाकूड फाटू नये म्हणून केलेली मजबुती आहे. त्यावरून भाव पाडायला बघाल तर समोरचा हसेल.

आता पैशाचं. कमी बजेटवाल्याची चूक नेहमी एकच होते, आणि मीही ती करता करता वाचलो : तो रायफलची किंमत बघतो, काडतुसाची नाही. रायफल एकदा घेता, काडतुसं दर रविवारी. .३०३ आता मोजके कारखाने बनवतात आणि ती दुकानात हमखास मिळेलच असं नाही. ७.६२ आणि तिचं शिकारी भावंड .३०८ अमेरिकेत कुठल्याही कोपऱ्यावर मिळतं, आणि सहसा स्वस्त पडतं. महिन्यातून दोनदा रेंजवर जाणाऱ्याला हा फरक वर्षभरात दुसऱ्या रायफलीइतका पडू शकतो. म्हणून नेमबाजी करायची असेल तर माझं मत सरळ २ए१च्या बाजूने. एक पथ्य मात्र पाळा. .३०८ आणि ७.६२ दिसायला सारखी असली तरी मापं आणि दाबाची गणितं तंतोतंत एक नाहीत. जोरदार शिकारी काडतुसं हिच्यात घालू नका, आणि पहिली गोळी झाडण्याआधी जाणकार गनस्मिथकडून गेज घालून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, मोजून घ्या. हे दोन्ही रायफलींना लागू, कारण बोल्टचं डोकं स्क्रूने निघतं आणि पन्नास वर्षांत कुणी कुठलं डोकं कुठे फिरवलं असेल सांगता येत नाही.

गोष्ट जमवायची असेल, भिंतीवर इतिहास लावायचा असेल, तर मार्क ३ स्टारला तोड नाही. शिवाय इथे आपल्यासाठी एक वेगळी गंमत आहे. जुन्या .३०३ काडतुसाचं बूड बघा : बऱ्याचदा ‘के एफ’ असा शिक्का असतो. के म्हणजे किर्की, आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. आणि भारतातून आलेल्या ७.६२च्या बुडावर ‘ओएफव्ही’ सापडतं, म्हणजे भुसावळजवळचं वरणगाव. ओहायोतल्या थंडीत, अनोळखी गोऱ्या म्हाताऱ्याच्या खोक्यात खडकी आणि वरणगाव शेजारीशेजारी पडलेले बघून मी भाव न करताच दोन मुठी घेतल्या. झाडण्यासाठी नव्हे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतलं रसायन झाडल्यावर नळीत क्षार सोडतं, ते हवेतला ओलावा ओढतात आणि आठवड्यात गंज धरतो. कुणी अशी झाडलीच तर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग तेल. नुसतं तेल लावून भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत.

खरेदीच्या टेबलावर माझा क्रम असा : बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघणं, मग नंबर जुळवणं. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा) आणि बोल्टच्या दांड्यावरचा नंबर एक हवा. नाकाच्या टोपीवरचा आणि मागच्या साइटवरचा जुळला तर दुधात साखर. नळी खड्ड्याखड्ड्यांची असेल तर चारही नंबर जुळून उपयोग नाही. ‘डीपी’ शिक्का दिसला की ती कवायतीची, झाडायची नाही. फार स्वस्त भारतीय ‘.३०३’ दिसली तर मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे का बघा, पहारेकऱ्यांसाठी .४१० छऱ्याची करून टाकलेली एकनळी तीच. आणि मुकुटाखाली ‘व्हीआर’ असून साल १९०१ नंतरचं असेल, तर व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्येच वारली हे आठवा : खैबर खिंडीतल्या कारागिराने हातोडी-कानशीने घडवलेली नक्कल आहे ती. शोभेला उत्तम, चाप ओढायला नाही.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपातली बंदूक ‘क्युरिओ’ गणली जाते आणि तिच्यासाठी संग्राहकाचा स्वस्त परवाना मिळतो. २ए१ इतकी वर्षं या रेषेच्या अलीकडे होत्या, आता एकेक करून पलीकडे गेल्या. एच-१बी वाल्यांनी मात्र दुकानात जाण्याआधी नियम नीट वाचावेत. ग्रीन कार्डधारकाला चालतं ते त्यांना सहसा चालत नाही. भारतात राहून हा छंद करता येत नाही : .३०३ आणि ७.६२ दोन्ही प्रतिबंधित बोअर (नळीचं माप). परवानाधारकाला मिळते ती ईशापूरचीच .३१५, आणि तिचा बोल्ट उघडून बघाल तर ओळखीचा वाटेल, कारण आराखडा तोच.

मी चुकून घेतलेली २ए१ ठेवली. १९६८ची आहे, नळी आरशासारखी. वर्षभराने मार्क ३ स्टारही घेतली, या वेळी चिठ्ठी न वाचता आणि गळा वाचून. मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाला, “हां, आता बरोबर. बोल्ट ओढ बघू एकदा.” ओढला. “परत,” तो म्हणाला.