जुन्या स्पोर्ट्स कारसाठी इंजिन ऑइलची निवड

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची बांधणी, त्याची आजवरची झीज आणि गाडी फिरते तिथली हवा पाहून योग्य ग्रेडचे व योग्य रसायने असलेले तेल ठरवणे. नव्या गाडीत हा प्रश्न सहसा पडत नाही. पुस्तिकेत सांगितलेले तेल भरले की काम झाले. जुन्या गाडीची पुस्तिका पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असते. तिच्यात नावानिशी सांगितलेली काही तेले आता मिळत नाहीत आणि जी मिळतात त्यांच्या डब्यावरचे नाव तेच राहून आतला माल बदललेला असतो. त्यामुळे सर्वांत नवे आणि सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले, हा हिशेब इथे लागू पडत नाही. आजच्या गाड्यांना मानवणारे पातळ ०डब्ल्यू-२० तेल (या आकड्यांचा अर्थ पुढे आहे) १९६५च्या इंजिनात भरले, तर तापल्यावर तेलाचे प्रेशर पडते आणि कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) संरक्षणही तोकडे पडते.

या नोंदीत एमजीबी या ब्रिटिश दोन-आसनी गाडीचे उदाहरण मुख्यतः घेतले आहे. १९६२ ते १९८० या काळात ती पाच लाखांच्या आसपास तयार झाली आणि आजही जगभर हौसेने चालवली जाते. तिचे १,७९८ घ. सेंमी.चे चार सिलिंडरचे इंजिन त्या पिढीचा चांगला नमुना आहे : ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ब्लॉकमध्येच बसवलेली कॅमशाफ्ट आणि तिचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारे सपाट तळाचे टॅपेट व पुशरॉड. या इंजिनाला बहुतेक जाणकार २०डब्ल्यू-५० तेल घालतात. ते का, हे कळले की इतर गाड्यांचे उत्तरही बरेचसे हाती येते.

डब्यावरचे आकडे : 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज हलते ते सांगतो आणि नंतरचा आकडा १००° से.ला ते किती घट्ट राहते ते सांगतो. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने तेलांची अशी प्रतवारी १९११ मध्ये सुरू केली. १००° से.ला ३० ग्रेडची श्यानता (घट्टपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक), ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असावी लागते. म्हणजे ४० ग्रेडमधले घट्ट तेल आणि ५० ग्रेडमधले पातळ तेल जवळपास सारखेच निघू शकते. डब्यावरच्या दोन आकड्यांवर न थांबता कंपनीच्या माहितीपत्रकातली नेमकी श्यानता पाहावी, हे म्हणूनच महत्त्वाचे.

एक गैरसमज फार पसरलेला आहे : २०डब्ल्यू-५० तेल गरम झाल्यावर घट्ट होते. तसे होत नाही. कुठलेही तेल तापले की पातळच होते. या ग्रेडचे तेल ४०° से.ला साधारण १६० सेंटिस्टोक असेल, तर १००°ला ते १८च्या आसपास येते. तापताना ते एका मर्यादेखाली पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांची पॉलिमर रसायने घातलेली असतात. गिअर आणि बेअरिंगच्या रेट्यात या साखळ्या हळूहळू तुटतात आणि तेलाची मूळ ग्रेड उतरते. दोन आकड्यांतले अंतर जितके मोठे, तितका हा धोका साधारणपणे जास्त.

हवामानाचा विचार त्या पहिल्या आकड्यापुरता आहे. २०डब्ल्यू तेलाची स्टार्टर फिरण्याची चाचणी उणे १५° से.ला होते, १०डब्ल्यूची उणे २५°ला, ५डब्ल्यूची उणे ३०°ला. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेही २०डब्ल्यू तेलाला काही अडचण येत नाही, मुंबई-गोव्याचा तर प्रश्नच नाही. टोरांटो किंवा शिकागोला राहणाऱ्या आणि जुनी गाडी हिवाळ्यातही बाहेर काढणाऱ्याने मात्र १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-५० घ्यावे. थंड इंजिन सुरू झाल्यावर तेल वर पोचेपर्यंतचे काही सेकंद झिजेच्या दृष्टीने वाईट असतात.

प्रेशर : निवड बरोबर आहे की नाही, हे तापलेल्या इंजिनाचे ऑइल प्रेशर सांगते. एमजीबीत गाडी चालताना प्रति चौरस इंच ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) १० ते २५ पौंड प्रेशर असावे, असे कारखान्याचे माप आहे. थंड इंजिनात काटा वर जातो म्हणून समाधान मानू नये. अर्धा-पाऊण तास चालवून, रहदारीत अडकून, मग काटा पाहावा. तेव्हा आयडलिंगला काटा १०च्या खाली बसत असेल, तर आधी दुसऱ्या मीटरने खात्री करावी, कारण जुने मीटर खोटे दाखवतात. प्रेशर खरेच कमी असेल तर घट्ट तेल भरून काटा वर आणता येतो, पण बेअरिंग झिजलेले असेल तर ते झिजलेलेच राहते. अशा वेळी चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून शेल (बेअरिंगच्या अर्धवर्तुळाकार पट्ट्या) पाहणे हाच खरा उपाय.

याची दुसरी बाजूही आहे. प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. गरजेपेक्षा घट्ट तेल घातले की पंपाजवळचा, जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेचसे तेल बेअरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये पडते. काटा छान वर, आणि बेअरिंगला तेल कमी. नुकतेच बांधलेले, नीट मापात बसवलेले इंजिन असेल तर २०डब्ल्यू-५०चा हट्ट धरू नये. १५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४०वरही ते उत्तम चालते.

जस्ताचा प्रश्न : जुन्या इंजिनासाठी तेल निवडताना सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे लागते. सपाट टॅपेट पूर्ण सपाट नसतो. त्याचा तळ अगदी किंचित फुगीर आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळे दर फेरीला टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. दोघांचा स्पर्श मात्र एका बारीक रेषेइतकाच होतो आणि त्या रेषेवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा पूर्ण जोर येतो. तिथे तेलाचा थर टिकत नाही. धातूवर धातू घासू नये म्हणून तेलात झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट (झेडडीडीपी) हे जस्त आणि फॉस्फरस असलेले रसायन घालतात. उष्णता आणि दाब एकत्र आले की ते विघटित होऊन धातूवर काचेसारखा पातळ थर तयार करते. तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. १९४०च्या दशकापासून हे रसायन वापरात आहे. आधी ते तेल सडू नये म्हणून घालत, मग झीज थांबवण्याचा त्याचा गुण लक्षात आला.

अडचण निर्माण झाली ती गाडीचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. जळलेल्या तेलातला फॉस्फरस कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून तेलातल्या फॉस्फरसवर टप्प्याटप्प्याने मर्यादा आली आणि २००४च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम प्रतीपासून ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ग्रेडमध्ये तो ०.०८ टक्क्यांच्या वर नसावा असे ठरले. नव्या इंजिनांना याचा त्रास नाही, कारण पुष्कळ इंजिनांत कॅमवर रोलर फिरतो. एमजीबीत रोलर नाही. झिजलेला टॅपेट हातात घेऊन पाहिला तर फरक लगेच कळतो : चांगल्या टॅपेटचा तळ आरशासारखा एकसारखा चमकतो, बिघडलेल्याच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडलेले असतात आणि कडेला नख अडकते. असा एक टॅपेट सापडला की तेवढाच बदलून भागत नाही. कॅमशाफ्ट आणि सगळे टॅपेट एकत्रच बदलावे लागतात.

दिलासा इतकाच की ही मर्यादा पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५०सारख्या घट्ट ग्रेडना ती लागू नाही. तरीही प्रत्येक २०डब्ल्यू-५०मध्ये जस्त भरपूर असेलच असे धरून चालू नये. माहितीपत्रकात फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्के दिसला की सपाट टॅपेटच्या साध्या इंजिनाला तो पुरेसा मानतात. जुन्या गाड्यांसाठी म्हणून खास विकली जाणारी तेलेही साधारण याच पट्ट्यात किंवा थोडी वर असतात. वेगळ्या बाटलीतले 'झिंक' विकत आणून तेलात ओतण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. हे रसायन अति झाले तर तेही धातूला खाते, आणि कंपनीने तोलून बसवलेले इतर रसायनांचे प्रमाणही बिघडते.

डिझेल गाड्यांचे १५डब्ल्यू-४० तेल भारतात कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते आणि त्यात फॉस्फरस सहसा जास्त असतो, म्हणून काही जण तेच घालतात. रोजच्या सौम्य वापराला ते चालून जाते. मात्र त्यात मळी धुणारी रसायनेही जास्त असतात आणि ती कॅमच्या पृष्ठभागावर जस्ताशी स्पर्धा करतात. नव्या कॅमशाफ्टवर पहिल्यांदा इंजिन चालवताना ते टाळावे. त्या पहिल्या वेळी कॅमला खास पेस्ट लावून, इंजिन सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर सुमारे वीस मिनिटे चालवतात. आयडलिंगला सोडत नाहीत, कारण कमी वेगात कॅमवर उडणारे तेल अपुरे पडते. ही वीस मिनिटे चुकली तर पुढे कितीही चांगले तेल घातले तरी कॅम वाचत नाही.

मिनरल की सिंथेटिक : सिंथेटिकने सील गळतात, हा जुना समज अजून टिकून आहे. सुस्थितीतल्या सीलला आजच्या सिंथेटिकने काही होत नाही. होते ते असे की वर्षानुवर्षे साचलेली मळी धुतली जाते आणि तिच्याच आधाराने बंद असलेली गळती उघडी पडते. सुरुवातीच्या एमजीबी इंजिनांत (१९६४ पर्यंतच्या, तीन बेअरिंगच्या) क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. तिथे उलट्या आट्यांची खाच तेल परत आत ढकलते. गाडी उभी राहिली की खाली दोन-चार थेंब पडणारच. त्यासाठी तेल बदलत बसू नये. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला चांगले मिनरल तेल वेळेवर बदलणे पुरते.

एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्येही (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरची जोड) इंजिनाचेच तेल जाते, गिअर ऑइल नाही. ओव्हरड्राइव्ह क्लचच्या पकडीवर चालत असल्याने घर्षण कमी करणारी जादा रसायने असलेले तेल तिथे घालू नये.

वेगळ्या बांधणीच्या गाड्या : २०डब्ल्यू-५० हे सगळ्यांचे उत्तर नाही. १९९८ पर्यंतच्या पोर्शे ९११ला हवा आणि तेल हेच थंड करतात. तिचे तेल वेगळ्या टाकीत असते आणि पातळी इंजिन गरम व चालू ठेवून, सपाट जागेवर पाहायची असते. थंड इंजिनात डिपस्टिक पाहून तेल वाढवले तर ते जास्त होते. १९७२च्या मॉडेलला तेलाचे झाकण उजव्या दरवाज्यामागे बाहेरून दिले होते. पंपावर त्यात पेट्रोल ओतले जाऊ लागले, तेव्हा पुढच्याच वर्षी ते पुन्हा आत गेले. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३चे इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत फिरते आणि तिला कंपनीने १०डब्ल्यू-६० सिंथेटिक ठरवून दिले आहे. तिथे काटकसर करून चालत नाही. माझ्दा आरएक्स-७च्या रोटरी इंजिनात थोडे तेल मुद्दाम पेट्रोलबरोबर जाळले जाते, म्हणून राख न सोडता जळणारे तेल लागते.

एरंडेल : शर्यतीच्या जुन्या गाड्यांचा तो गोडसर, जळका वास एरंडेलाचा. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले. हे तेल धातूला विलक्षण चिकटून राहते, पण गरम होऊन लाखेसारखा थर सोडते आणि मिनरल तेलात नीट मिसळत नाही. रस्त्यावरच्या गाडीत ते घालू नये.

बदलण्याची वेळ : क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटरने नव्हे, महिन्यांनी जुने होते. थंड इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले की ज्वलनातले पाणी चेंबरमध्ये राहते. पावसाळ्यात व्हॉल्व्ह कव्हरवरचे झाकण उघडले की आतून लोण्यासारखा पिवळसर-पांढरा थर दिसतो, तो हेच पाणी. तेलात उतरलेल्या ज्वलनाच्या वायूंबरोबर त्याचे आम्ल बनते आणि ते बेअरिंगचा मऊ थर खाते. म्हणून वर्षातून एकदा तरी तेल आणि फिल्टर बदलावा, आणि तो गाडी बरेच दिवस उभी करण्याआधी, नंतर नव्हे. गाडी सुरू करायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर चालवून आणावी. जुने तेल काढताना इंजिन गरम असावे, नट सोडून पंधरा-वीस मिनिटे तेल निथळू द्यावे आणि पहिली धार तळहाताएवढ्या पांढऱ्या कापडावर घेऊन उन्हात पाहावी : काळे तेल चालते, चंदेरी चमक दिसली तर बेअरिंगची, आणि तांबूस दिसली तर त्याखालच्या थराची झीज सुरू झालेली असते.